निवडणुकीचा जमाखर्च

निवडणुकीला पैसा लागतो, हे सत्य उच्चारताना पुष्कळांचा आवाज उगाच खाली येतो. वास्तविक यात लाजण्यासारखे काहीच नाही. उभा राहिलेला मनुष्य कोण आणि त्याचे म्हणणे काय, हे लाखो लोकांच्या कानांवर घालावयाचे म्हणजे कागद हवा, ध्वनिक्षेपक हवा, वाहने हवीत, आणि त्या वाहनांतून हिंडणाऱ्यांच्या पोटात दोन घासही हवेत. परप्रांतात राहून गणेशोत्सव चालविणाऱ्या वाचकांना वर्गणीचे माहात्म्य आम्ही काय सांगावे! मंडपाशिवाय गणपती बसत नाही. पण मंडपाचे पैसे कोणी दिले आणि देणारा आरतीच्या वेळी कोठे उभा राहतो, हे पाहिल्यावाचून उत्सवाची खरी कल्पनाही येत नाही.

जबलपूरच्या विजय नगरात बिऱ्हाड करून आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो. नोकरीचे नियम आम्हांला कोणाचाही प्रचार करू देत नाहीत. मात्र निवडणूक आली की प्रचार मोजण्याचे काम आमच्यासारख्यांच्याच गळ्यात पडते. २०२३ च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेश विधानसभेचे मतदान झाले, त्या वेळी आमची नेमणूक लेखा-पथकात होती. एक पथक सभेचे चित्रीकरण करते, दुसरे पथक ते चित्र पाहून त्यातील वस्तू टिपते, आणि त्या वस्तूंना जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे किंमत लावून आम्ही त्या नोंदवहीत चढवितो. उमेदवाराचीही एक वही असते. तिची पांढरी पाने रोजच्या खर्चाची, गुलाबी पाने रोकडीची व पिवळी पाने बँकेतील खात्याची. प्रचाराच्या काळात ही वही निदान तीनदा तपासली जाते. दोन्ही वह्यांचा मेळ बसला नाही की नोटीस निघते.

या कामात गंमतही असते. एका सभेतील खुर्च्या चारशे की पाचशे, यावर आम्हां तिघांत अर्धा तास वाद झाला. मंडपामागे एकावर एक रचून ठेवलेल्या, कोणी न बसलेल्या खुर्च्या धराव्या की नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा. अखेर भाड्याने आणल्या त्या धरल्याच पाहिजेत असे ठरले. तेव्हा आमचे एक वयस्क हिंदी सहकारी चष्मा पुसत म्हणाले, "बाबूजी, कुर्सी का रेट तो है, बैठनेवाले का नहीं।" आम्ही हसलो व पुढील पान उलटले. परंतु ते वाक्य आमच्या डोक्यातून गेले नाही.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या उमेदवाराला २५,००० रुपये खर्च करण्याची मुभा होती. २०२२ पासून मोठ्या राज्यांत ही मर्यादा ९५ लाख आहे. तीनशे ऐंशी पट! आकडा ऐकून मनुष्य दचकतो. पण कारकुनाला भागाकार केल्यावाचून चैन पडत नाही. जबलपूर लोकसभा मतदारसंघात २०२४ साली अठरा लाखांहून अधिक मतदार होते. म्हणजे मतदारामागे जेमतेम पाच रुपये. विजय नगरच्या चौकात एवढ्यात चहासुद्धा मिळत नाही. कायद्याने घातलेली मर्यादा इतकी तोकडी की ती पाळली जाईल यावर पाळणाऱ्याचा विश्वास नाही आणि तपासणाऱ्याचाही नाही. तरीही मतमोजणीनंतर तीस दिवसांच्या आत हिशेब सादर होतात व ते मर्यादेच्या पुष्कळ आत असतात. काटकसरीचे असे उदाहरण आमच्या कुटुंबाच्या डायरीतही सापडणार नाही.

याचे रहस्य शोधायला फार दूर जावे लागत नाही. मर्यादा आहे ती उमेदवाराला. पक्षाला मर्यादाच नाही. १९७४ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका निवडणुकीच्या खटल्यात निकाल दिला की, उमेदवाराच्या संमतीने पक्षाने वा मित्रांनी त्याच्यासाठी केलेला खर्च त्याच्याच खाती धरला पाहिजे. धनाच्या बळावर एकाचा आवाज मोठा व दुसऱ्याचा लहान होऊ नये, ही न्यायमूर्ती भगवती यांची दृष्टी होती. त्याच महिन्यात वटहुकूम निघाला, पाठोपाठ कायदा झाला, आणि तो निकाल निष्प्रभ ठरला. २००३ साली ही पळवाट बरीच अरुंद करण्यात आली. तरी पक्षाचा सर्वसाधारण प्रचार व त्याच्या नामांकित वक्त्यांचा प्रवास आजही उमेदवाराच्या वहीबाहेरच राहतो.

योगायोग असा की, त्याच सुमारास आमच्या या गावात एक निराळाच प्रयोग झाला. सेठ गोविंददास हे १९५७ पासून १९७४ मध्ये निधन होईपर्यंत जबलपूरचे खासदार होते. मोठ्या धनिक घराण्यात जन्मून स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले आणि हिंदीसाठी आयुष्यभर झटलेले ते गृहस्थ. त्यांच्या पश्चात झालेल्या पोटनिवडणुकीत जयप्रकाश नारायण यांच्या आशीर्वादाने विरोधकांनी मिळून शरद यादव यांना उभे केले. शेतकरी कुटुंबातून येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकायला आलेला, विशीतला हा विद्यार्थी-पुढारी नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर निवडून आला. गावातील जुनी मंडळी ही हकीकत आजही चवीने सांगतात. पैसा सर्वशक्तिमान नाही, एवढे त्यावरून सिद्ध होते. परंतु तशी लाट दर पाच वर्षांनी येत नाही. आणि केवळ लाटेच्या भरवशावर ज्या तळ्याला पाणी मिळते, ते तळे उरलेली वर्षे कोरडेच राहावयाचे.

धोका कोणाला दिसला नव्हता, असेही नाही. १९५७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे टाटांच्या पोलाद कंपनीचे प्रकरण आले. राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून कंपनी आपल्या घटनापत्रात दुरुस्ती करू पाहत होती. मुख्य न्यायाधीश छगला यांनी कायद्याप्रमाणे परवानगी दिली; पण ही प्रथा वाढली तर लोकशाहीचा गळा आवळला जाईल, असा इशाराही दिला आणि संसदेने यात लक्ष घालावे असे सुचविले. पुढे १९६९ साली कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. बंदीने देणग्या थांबल्या नाहीत, फक्त पावत्या थांबल्या. १९८५ साली बंदी उठली. नंतर २०१८ पासून निवडणूक रोख्यांची योजना आली. स्टेट बँकेतून रोखा घ्यावा, पक्षाला द्यावा आणि देणाऱ्याचे नाव मतदाराला कळू नये, असा तिचा आराखडा. रोखे एक हजारापासून एक कोटीपर्यंतचे होते. म्हणजे सामान्य माणसासाठीही दार उघडे ठेवले होते. प्रत्यक्षात १६,००० कोटींहून अधिक रकमेचे रोखे विकले गेले आणि त्यातील बहुतांश रक्कम एक कोटीच्या रोख्यांचीच निघाली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना घटनाबाह्य ठरविली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणण्याचा मतदाराला अधिकार आहे, हे त्या निकालाचे सार.

उलट टोकाचे उदाहरण आमच्या महाराष्ट्रातलेच आहे. २००९ साली हातकणंगले मतदारसंघात राजू शेट्टी उभे राहिले, तेव्हा शेतकऱ्यांकडे मताबरोबर नोटही मागितली गेली. ऊसकरी शेतकऱ्यांनी ती दिली आणि शेट्टी निवडून आले. ज्याने दहा रुपये दिले, तो उद्या जाब विचारायला येतो. ज्याला दहा रुपये मिळाले, त्याचे तोंड पाच वर्षे बंद होते. आमच्या मते सर्व प्रश्नाचे मर्म एवढ्यातच आहे. मात्र शेतकऱ्यांची ती संघटना अनेक वर्षांच्या आंदोलनांतून उभी राहिली होती, हेही विसरता येत नाही. वर्गणीआधी विश्वास गोळा करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक आहेत. नळाला पाणी नसो, दिवाबत्तीची तक्रार असो, महानगरपालिकेत अर्ज घेऊन जाणारे तेच. नगरसेवकपदासाठी उभे राहा, असा आग्रह शेजाऱ्यांनी त्यांना केला. मास्टरजींनी एका कोऱ्या वहीत दोन दिवस हिशेब मांडला, आणि तिसऱ्या दिवशी वही मिटून म्हणाले, "पेन्शन से परचा भरा जा सकता है, चुनाव नहीं लड़ा जा सकता।" आमच्या लेखा-पथकाच्या वहीत खुर्च्यांना रकाना आहे, चहाला आहे, फुलांच्या हारालाही आहे. जो उभाच राहिला नाही, त्याला रकाना नाही. पैशाने निवडणूक जिंकली की हरली, याची चर्चा वर्तमानपत्रांतून होते. पण नाव घालण्यापूर्वीच जी माणसे पैशाने गाळली गेली, त्यांची मोजदाद कोण करणार? निवडणुकीचा सर्वांत मोठा खर्च आम्हांला हाच वाटतो, आणि तो भरतो मास्टरजींना मत देऊ न शकलेला मतदार.

त्यांना मदत करावी, तर आमचे हात बांधलेले. केंद्र सरकारच्या वर्तणूक नियमांप्रमाणे आम्ही राजकीय कार्यास वर्गणी देऊ शकत नाही, आणि हा नियम योग्यच आहे असे आम्ही मानतो. मोजणाऱ्याने तराजूत बोट घालू नये. परंतु आमच्या घरात शिकवण्या करून चार पैसे मिळविणारी एक नागरिक राहते व तिला हे नियम लागू नाहीत. गेल्या संक्रांतीला मास्टरजी सपत्नीक तिळगूळ घ्यायला आले असता तिने त्यांना सांगितले, "भाईसाहब, पुढच्या वेळी उभे राहा. माझे पाचशे रुपये पक्के समजा. पण पावती द्यायची!"

मास्टरजी प्रथम हसले. मग पत्नीकडे वळून त्यांनी विचारले, या गल्लीत अशी घरे किती असतील? त्या दोघी बोटांवर मोजू लागल्या. नियमांना स्मरून आम्ही मध्ये बोललो नाही. पण मोजणी बराच वेळ चालली होती, एवढे मात्र आम्ही ऐकले.