प्रायमर

दिवाळीआधी घराला रंग द्यायचा, हा आमच्या गडहिंग्लजच्या घराचा जुना रिवाज. यंदा रंगारी पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, आधी प्रायमरचा हात मारायला पायजे." त्याबरोबर सुट्टीला आलेला माझा नातू आत पळाला आणि आपले इंग्रजीचे पुस्तक घेऊन आला. "आजोबा, प्रायमर तर हे आहे!"

मला मोठी मौज वाटली. खरे तर दोघांचेही बरोबर होते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'पहिला'. इंग्लंडात पूर्वी प्रार्थनेच्या पुस्तकाला प्रायमर म्हणत. मुले त्यावरच अक्षरे शिकत, म्हणून पुढे मुलांच्या पहिल्या पुस्तकाचे तेच नाव झाले. अमेरिकेत तर पुस्तकाला 'प्रिमर' म्हणतात आणि रंगाला 'प्रायमर'! आपल्याकडे हा घोटाळा नाही. आपली अंकलिपी: अंक, मुळाक्षरे, बाराखडी, पाढे. १९६७ साली बालभारती स्थापन झाली, शाळेची पुस्तके बदलली. अंकलिपी मात्र दुकानात टिकून राहिली.

माझी अंकलिपी दोघांनी वापरली. आईचे माहेर संकेश्वरकडचे, कानडी. शाळा तिने पाहिली नव्हती. १९६१ साली मी घोकत बसलो की ती भाकरी थापता थापता ऐके, आणि मी निजल्यावर पुस्तक उघडी. एके दिवशी तिने फडताळाच्या दारावर, आतल्या बाजूने, खिळ्याने गावाचे नाव कोरले: 'गडहिंगलज'. मी खो खो हसलो. शेजारच्या पोरांनाही बोलावून दाखवले. त्यानंतर तिने पुस्तकाला हात लावला नाही. शेवटपर्यंत ती कागदावर अंगठाच उठवीत राहिली.

तिसऱ्या दिवशी रंगारी फडताळापाशी आला. "हे वरखडे पॉलिशपेपरनं घासून काढतो, काका. प्रायमर बसला की खालचं कायबी दिसणार न्हाई."

"तेवढं दार राहू दे," मी म्हणालो.

नातवाने वाकून एकेक अक्षर लावले. "आजोबा, हे चुकलंय. इथे अर्धा ग हवा."

"चुकलं नाही रे," मी म्हणालो, "जोडाक्षरांचं पान अजून यायचं होतं. त्याआधीच मी पुस्तक मिटवलं."