पथ्य पाळा, पंगत मोडू नका

परीक्षा आटोपल्या, की दवाखान्यात येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. सर्दी-खोकल्याच्या तक्रारी मागे पडतात आणि "आठ दिवस कोकणात जायचे आहे, औषधे कोणती बरोबर घ्यावीत?", "मुलीला गाडीत उलट्या होतात, काय करावे?" अशी विचारपूस सुरू होते. त्यातच एक वाक्य दरवर्षी कानी पडते. मधुमेह असलेल्या वडिलांना तपासणीसाठी घेऊन आलेला मुलगा त्यांच्यादेखतच सांगतो, "डॉक्टर, यंदा दादांना घरीच ठेवतोय. बाहेर त्यांचे पथ्य सांभाळले जात नाही." दादा काही बोलत नाहीत. सदऱ्याच्या बाहीचे बटण लावत खाली पाहत राहतात. मुलाच्या काळजीविषयी शंका घेण्याचे कारण नसते. तरीही हातातला रक्तशर्करेचा अहवाल बाजूला ठेवून त्या गप्प बसलेल्या माणसाशी आधी बोलावे, असे मला वाटते. घरातल्या सुट्टीतून एक माणूस वजा झाला, तर त्या सुट्टीचे काय होते, हे मी लहानपणी अगदी जवळून पाहिले आहे.

आमचे घर श्रीरामपूरला आणि आजोळ अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याची ही दोन टोके एकमेकांना ओळखही दाखवणार नाहीत, इतकी वेगळी. एकीकडे कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस, तर दुसरीकडे भाताची खाचरे आणि सह्याद्रीचे कडे. दोहोंना जोडणारी एकच गोष्ट, ती म्हणजे प्रवरा नदी. रतनगडाच्या परिसरात उगम पावणारी ही नदी भंडारदऱ्याला 1926 मध्ये पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडवली आणि पुढे तिचे पाणी कालव्यांतून आमच्या शिवारात आले. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिक्षक होते. मे महिन्यात आजोळी निघताना ते आम्हा भावंडांना सांगत, "आपण वर्षभर जे पाणी पितो, त्याच्या माहेरी चाललो आहोत."

प्रवास अर्थातच एसटीचा. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला धावली, हा आमच्या जिल्ह्याचा मान अण्णा दर प्रवासात एकदा तरी सांगत. लोणीजवळ साखर कारखान्याचे धुराडे दिसले, की विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांना बरोबर घेऊन सहकारी कारखाना कसा उभा केला, याची गोष्ट निघे. संगमनेरला गाडी बदलायची. तेथील स्थानकावर आई डबा उघडी. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कैरीचे लोणचे. मला गाडी लागत असे, म्हणून मला पुढच्या बाजूची खिडकी मिळे आणि हातात लिंबू. "पुस्तक मिटव, लांब डोंगराकडे बघ," असे आई सांगे. डोळ्यांना दिसणारी स्थिरता आणि कानाच्या आतील तोलाच्या इंद्रियाला जाणवणारी हालचाल यांचा मेळ बसला नाही, की मळमळ सुरू होते, हे मी पुढे वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. आजही गाडी लागणाऱ्या मुलांच्या पालकांना मी आईचाच सल्ला देतो. पुढे बसवा, दूरवर पाहू द्या, मोबाइल हातातून काढून घ्या आणि निघण्यापूर्वी पोट ना रिकामे ठेवा, ना तुडुंब.

राजूर आले, की अण्णा खाली उतरून पेढे घेत. राजूरच्या पेढ्यांची ख्याती भंडारदऱ्याला जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कागदात बांधलेला तो पुडा आईच्या मांडीवर असे आणि खव्याचा भाजका, किंचित वेलदोड्याचा वास उरलेल्या वाटेवर आमची परीक्षा पाहत असे. पुडा आजीपुढे ठेवायचा, आजी देवापुढे ठेवणार आणि मग प्रत्येकाच्या हातावर एकेक पेढा येणार. दुसरा मागण्याची पद्धत नव्हती. आजोळच्या उरलेल्या दिवसांत खाऊ रानातून येई. करवंदे, जांभळे आणि माळ्यावर गवताच्या आढीत पिकत घातलेले गावरान आंबे. जूनच्या तोंडावर, पहिल्या पावसाआधी, एखाद्या रात्री मामा आम्हाला काजवे दाखवायला नेत. एक झाड लुकलुकू लागे, मग शेजारचे, मग सारा उतार. आम्हा मुलांची बडबड तेव्हा आपोआप थांबत असे.

हिवाळ्यात गंमत उलट फिरे. आजोळची मंडळी आमच्याकडे येत. जिल्ह्याच्या कोरडवाहू भागातल्या नातेवाइकांच्या शेतावर शाळूची कणसे हुरड्यात आलेली असत. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसे हातावर चोळून गरम दाणे पुढ्यात पडत. जोडीला लसणाची चटणी, दही, गुळाचा खडा. परतताना रसवंतीवर थांबायचे. चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज लांबूनच ऐकू येई. आले-लिंबू घातलेला रसाचा एक पेला दोघांत, असा हिशेब असे.

मी चौदा वर्षांचा असताना अण्णांना मधुमेह असल्याचे निदान झाले. वय त्यांचे बेचाळीस. तहान वाढली होती, वजन उतरले होते. गोळ्या सुरू झाल्या, साखर-गूळ बंद झाला आणि त्या मे महिन्यात अण्णा म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळतो." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आपल्यामुळे इतरांच्या खाण्यावर बंधन नको आणि आपल्यासाठी वेगळे ताट मांडायला लावायला नको, एवढाच त्यांचा विचार होता. घरात दोन दिवस कोणी सुट्टीचा विषय काढला नाही. बांधलेली पिशवी कोपऱ्यात तशीच होती.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "अहो, पथ्य तुम्हाला सांगितलंय, वनवास नाही. तुम्ही येत नसाल तर पिशवी सोडते." ती चौथी शिकलेली होती. तिने पुढे जे केले, ते आहारशास्त्राच्या कोणत्याही वर्गात शिकवावे असे आहे. तिने दशम्यांऐवजी सगळ्यांसाठीच ज्वारीची भाकरी बांधली. डब्यात काकडी, मुळा, मोड आलेल्या मटकीची उसळ आली. अण्णांच्या गोळ्यांची डबी तिने स्वतःच्या हातपिशवीत ठेवली, सामानाच्या पेटीत नव्हे. राजूरला पुडा घेतला गेला. आजीने देवापुढे ठेवलेल्या पेढ्यांतला एक उचलून आईने त्याचे चार तुकडे केले आणि एक अण्णांच्या हातावर ठेवला. उरलेले तीन आम्हा भावंडांच्या वाट्याला आले. त्या दिवशी आमचा प्रत्येकाचा खाऊही तेवढाच होता. त्या संध्याकाळी जेवणात अण्णांनी भात घेतला नाही आणि जेवणानंतर आम्ही सगळेच ओढ्यापर्यंत चालून आलो. अण्णांसाठी म्हणून चालतो आहोत, असे कोणी बोलले नाही.

पुढे छत्तीस वर्षे हा क्रम थोड्याफार फरकाने चालला. आईच्या युक्तीने आजार बरा झाला, असे सांगणे खोटे ठरेल. मधुमेह हा दीर्घकाळ सोबत राहणारा आजार आहे. अण्णांच्या गोळ्या वाढल्या, मग इन्शुलिन आले आणि नियमित तपासण्या होऊनही उतारवयात डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालाच. मात्र या सगळ्या काळात त्यांनी चोरून खाल्ले नाही. चोरून खाणारे रुग्ण मी पुष्कळ पाहतो. घरात गोड शिजते, सर्वांना वाढले जाते आणि एकाच ताटात "तुम्हाला नाही" असे वाक्य वाढले जाते. मग फडताळातला डबा रात्री उघडला जातो. चारचौघांत उजळ माथ्याने खाल्लेला चतकोर पेढा मोजता येतो, त्याचा विचार करून जेवणातला भात कमी करता येतो. अंधारात खाल्लेल्या तीन पेढ्यांचा हिशेब मात्र ना रुग्णाकडे असतो, ना डॉक्टरकडे.

येथे थोडा प्रत्यक्ष हिशेबही पाहू. उसाच्या रसात साधारण 12 ते 15 टक्के साखर असते. म्हणजे 200 मिलिलिटरच्या एका पेल्यातून 25 ते 30 ग्रॅम, सुमारे पाच-सहा चमचे साखर पोटात जाते आणि तीही चोथ्याविना, त्यामुळे वेगाने रक्तात उतरणारी. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, तसेच मध व रस यांतील साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी. 2000 कॅलरींच्या आहारात ही मर्यादा 50 ग्रॅम होते. ती 5 टक्के, म्हणजे 25 ग्रॅमपर्यंत आणता आली तर अधिक चांगले. निरोगी माणसाचा अख्खा दिवसाचा वाटा एका पेल्यात संपतो, हे ध्यानात घेतले, की आमच्या लहानपणीचा 'दोघांत एक पेला' किती शहाणपणाचा होता, ते कळते. मधुमेह असलेल्यांनी रस टाळावा, हेच इष्ट. आंब्याच्या दोन फोडी चावून खाणे हे वाटीभर आमरसापेक्षा केव्हाही बरे. त्यातही ज्यांची साखर फार वाढलेली आहे किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी आपले प्रमाण आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

मधुमेही व्यक्तीला घेऊन प्रवासाला निघणाऱ्या कुटुंबांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. औषधे हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा. इन्शुलिन उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ठेवू नका, ते उष्णतेने निकामी होते. गोड खाणार म्हणून स्वतःच्या मनाने गोळी वाढवू नका आणि गोड खाल्ले म्हणून पुढचे जेवण गाळू नका. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांमध्ये जेवण लांबले तर साखर अचानक उतरते. घाम, थरथर, छातीत धडधड, गोंधळल्यासारखे बोलणे ही तिची लक्षणे. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या आणि बरे वाटल्यावर काहीतरी खाऊ घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठा. पायांची काळजी तर विशेष महत्त्वाची. आपल्या जिल्ह्यात सुट्टीचा प्रवास शिर्डी, शनिशिंगणापूर, नेवासे येथील देवदर्शनाशिवाय सहसा पुरा होत नाही. मे महिन्यातल्या दुपारी देवळाच्या आवारातली फरशी तव्यासारखी तापते. मधुमेहाने पायांची संवेदना मंदावलेल्या माणसाला चटका जाणवत नाही आणि रात्री तळव्यावर फोड दिसतो. दर्शन सकाळी लवकर घ्या, जाड सुती मोजे वापरा आणि मुक्कामी पोहोचल्यावर घरातल्या एखाद्या तरुणाने वडीलधाऱ्यांचे तळवे उजेडात पाहावेत.

मुलांच्या बाबतीत मला वेगळीच काळजी वाटते. त्यांना खाऊ मिळत नाही असे नाही, तो रोजच मिळतो. शीतपेय, बिस्किटे, वेफर्स, चॉकलेट यांना आता ना ऋतू उरला, ना वार. आमचा पेढा वर्षातून एकदा, आंबा दोन महिने आणि हुरडा तर काही आठवड्यांपुरताच. त्या पदार्थांची गोडी त्यांतल्या साखरेएवढीच वाट पाहण्यातही होती आणि वाटून खाण्यातही. मुलांचा खाऊ बंद करा, असे मी पालकांना सांगत नाही. त्याला एखादे गाव द्या, एखादा ऋतू द्या, एखादे माणूस द्या, एवढेच सुचवतो.

अण्णांच्या अखेरच्या वर्षांत आम्ही त्यांना भंडारदऱ्याला नेले होते. दृष्टी बरीच अधू झाली होती. समोरचा जलाशय त्यांना केवळ उजळ पट्टा म्हणून जाणवत असावा. वासाची संवेदना मेंदूतील भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांशी फार जवळून जोडलेली असते, त्यामुळे एखादा वास अनेक वर्षांपूर्वीचा प्रसंग क्षणात उभा करतो. राजूरला घेतलेला पुडा मी सोडला, तेव्हा अण्णांनी मान वळवली. "बायको कुठे आहे? तिला म्हणावं, चार तुकडे कर," ते म्हणाले. आई शेजारीच होती. तिने तुकडे केले. अण्णांनी आपल्या वाटणीचा तुकडा बराच वेळ नाकाशी धरला, त्यातला अर्धा नातीच्या हातावर ठेवला आणि उरलेला सावकाश खाल्ला. त्या रात्रीची त्यांची साखर मी मोजली होती. ती नेहमीइतकीच होती.