मुरमाची वाट

झाशीहून ओरछ्याला जाणारा रस्ता सोळा-सतरा किलोमीटरांहून फारसा अधिक नाही. तेवढ्या अंतरात उत्तर प्रदेश संपून मध्य प्रदेश सुरू होतो, आणि ओरछ्याचे राजवाडे मागे टाकून, बेतवावरचा अरुंद पूल ओलांडून अभयारण्यात शिरले की डांबरही संपते. बेतवा आणि जामनी या दोन नद्यांच्या कवेत सापडलेल्या, सुमारे 46 चौरस किलोमीटरांच्या या रानाला 1994 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. आत मुरमाची वाट आहे. ओरछ्यात सायकली भाड्याने मिळतात आणि पहाटे लवकर निघणारा प्रवासी या वाटेवर तास-दोन तास मोटारीचा आवाज न ऐकता फिरू शकतो. झाशीसारख्या शहरापासून, जिथे देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे दोन्ही महामार्ग एकमेकांना छेदतात, इतक्या जवळ अशी शांतता असावी, याचे अनेकांना नवल वाटते.

या वाटेचा पृष्ठभाग तिच्या भूमीतूनच आला आहे. बुंदेलखंडाचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा मानला जातो. ऊन, थंडी आणि पाऊस यांनी तो झिजतो तेव्हा त्याचे भरड, लालसर कण होतात. इथला शेतकरी जमिनीच्या चार जाती सांगतो : राकड, पडुआ, काबर आणि मार. पहिल्या दोन हलक्या, नंतरच्या दोन काळ्या व भारी. ओरछ्याच्या बाजूची जमीन बहुतांशी राकड. तिच्यात पाणी टिकत नाही, पीक जेमतेम येते. पण तिच्यावरची वाट पावसाळ्यातही फारशी चिखलत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने जो जमिनीचा दोष, तो सायकलस्वाराच्या दृष्टीने गुण ठरतो. एकाच मातीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टींमधील अंतर हे पुढे या वाटेवर वारंवार भेटते.

डांबरी रस्त्यावर सायकल चालवणारा माणूस रस्त्याचा विचार करीत नाही. मुरमावर तसे चालत नाही. वाळू कुठे साचली आहे, खडा कुठे वर आला आहे, उतारावर चाक कुठे घसरेल, हे सतत पाहावे लागते, आणि पुष्कळदा डोळ्यांआधी ते हातांनाच कळते. वेग आपोआप तासाला दहा-बारा किलोमीटरांवर येतो. या वेगात करधई आणि पळस ही झाडे वेगवेगळी दिसू लागतात, शेताच्या बांधावरचा मोह ओळखू येतो, आणि समोरून येणाऱ्या माणसाला 'राम राम' म्हणण्याइतका अवकाश मिळतो.

मोहाचा उल्लेख इथे ओघाने आला असला, तरी या भूमीत त्याचे स्थान आनुषंगिक नाही. भूमध्य समुद्राच्या काठी ऑलिव्हला जे स्थान आहे, त्याच्या जवळ जाणारे स्थान बुंदेलखंडात मोहाला आहे. वनस्पतिशास्त्रात या दोघांचे कुळ निराळे. पण लोकजीवनातील त्यांचे कार्य पुष्कळसे सारखे आहे. दोन्ही झाडे हलक्या, खडकाळ जमिनीत तग धरतात. लावणाऱ्यापेक्षा त्याच्या नातवंडांना अधिक फळतात. दोघांपासून तेल मिळते. मोहाची फुले खातात, वाळवून साठवतात, त्यांची दारू गाळतात, आणि बियांचे तेल काढतात. दुष्काळाच्या वर्षी शेतात काही नसले तरी मोहाखाली काही तरी सापडते, या भरवशावर इथल्या पिढ्या जगल्या. म्हणूनच शेत विकले तरी झाडावरचा हक्क सोडताना माणूस दहा वेळा विचार करतो.

ऑलिव्हच्या प्रदेशातील सायकलच्या वाटा अलीकडे जगभर प्रसिद्ध झाल्या आहेत. स्पेनच्या हाएन प्रांतात सहा कोटींहून अधिक ऑलिव्हची झाडे आहेत. तेथील तेल वाहून नेणारा एक जुना लोहमार्ग 1985 साली बंद पडला. पुढे त्याचे रूळ काढून तेथे पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी वाट करण्यात आली. सुमारे 128 किलोमीटरांची ही वाट आज 'तेलाची हिरवी वाट' या अर्थाच्या नावाने ओळखली जाते. इटलीतील टस्कनीची गोष्ट याहून बोलकी आहे. द्राक्षांचे मळे आणि ऑलिव्हची बने यांतून जाणारे पांढऱ्या मुरमाचे रस्ते डांबराखाली नाहीसे होऊ लागले, तेव्हा ते वाचावेत म्हणून गायोले या गावी 1997 साली जुन्या सायकलींची एक फेरी काढण्यात आली. पहिल्या वर्षी 92 जण आले होते. पुढे हजारो येऊ लागले आणि ते रस्ते मुरमाचेच राहिले.

या दोन्ही ठिकाणी रस्त्याची निर्जनता राखलेली आहे. समाजाने विचारपूर्वक ठरवले की या वाटेवर मोटार नको; आणि असे ठरवता आले, कारण मोटारीसाठी दुसरा रस्ता होता व माणसांसाठी गावातच उपजीविका होती. बुंदेलखंडातील रिकाम्या वाटेविषयी तसे म्हणता येत नाही, आणि खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

अभयारण्य सोडून झाशीच्या ईशान्येकडे गेले तर तिचे निराळे रूप दिसते. कानपूरच्या रस्त्यावर पंचवीसेक किलोमीटरांवर परीछा येते. 1880च्या दशकात येथे बेतवा अडवून कालवा काढण्यात आला. आज धरणाशेजारी औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या उभ्या आहेत; पण कालवा अजून जालौन आणि हमीरपूरकडे पाणी नेतो. त्याच्या काठाने देखरेखीसाठी ठेवलेली कच्ची वाट जाते. तिला तिकडे 'पटरी' म्हणतात. पाण्याच्या पाळ्यांवर नजर ठेवणारा पतरौल पूर्वीपासून या पटरीवरून फिरत आला आहे. वाट सपाट, बाजूला झाडांची ओळ, वाहने तुरळक. सायकलस्वाराला याहून अधिक काय हवे?

परंतु पटरीवरून गावात उतरले की निर्जनतेचे कारण समोर येते. दिवाळीनंतरच्या दिवसांत कित्येक घरांना कुलूप असते. ओसरीवर म्हातारी माणसे असतात, त्यांच्याजवळ शाळकरी मुले असतात; मधली पिढी दिल्ली, सुरत, मुंबई, पुणे येथे बांधकामावर गेलेली असते. या शतकाच्या पहिल्या दशकात बुंदेलखंडाने लागोपाठ दुष्काळ पाहिले. 2009 साली केंद्र सरकारने या प्रदेशासाठी 7,266 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. विहिरी, बंधारे, बाजारांची आवारे झाली. स्थलांतर थांबले नाही. ज्या वाटेवर सायकलस्वाराला मनासारखा एकांत मिळतो, तिच्यावरून तिची माणसे निघून गेली आहेत. तिचे सौंदर्य यामुळे खोटे ठरत नाही. मात्र त्या सौंदर्याची किंमत कोणी मोजली, हे विसरून त्याचा आस्वाद घेणे पुढे कठीण होत जाते.

मराठी वाचकाला या ठिकाणी एका पुस्तकाची आठवण होणे अपरिहार्य आहे. विष्णुभट गोडसे वरसईकर 1857 साली कोकणातून पायी उत्तरेकडे निघाले, ते घरचे कर्ज फेडण्यासाठी. मथुरेला बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, ही आशा होती. 'माझा प्रवास' हे त्यांचे पुस्तक बंडाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत म्हणून वाचले जाते आणि ते योग्यच आहे; पण त्याचा पाया कमाईसाठी घर सोडलेल्या माणसाची यात्रा हा आहे. महूजवळ त्यांना बंडाची वार्ता कळली, पुढे ग्वाल्हेर करीत ते झाशीत आले, 1858च्या वेढ्यात अडकले, एप्रिलमधील कत्तल आणि लूट त्यांनी पाहिली, आणि मिळवलेले वारंवार गमावून अडीच-तीन वर्षांनी गंगाजलाची कावड घेऊन ते वरसईस परतले. 1883 साली त्यांनी हे लिहिले. चिंतामण विनायक वैद्य यांनी ते 1907 साली प्रसिद्ध केले. 4 एप्रिलच्या रात्री राणी लक्ष्मीबाई किल्ल्यातून बाहेर पडून भांडेरमार्गे काल्पीकडे गेली, ती याच ईशान्येच्या दिशेने. पुढे विष्णुभटही त्याच दिशेने गेले आणि काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना दमलेली, तहानलेली राणी भेटली. मराठी गद्यातील अविस्मरणीय प्रसंगांपैकी हा एक, आणि तो चालणाऱ्याच्या गतीमुळेच शक्य झाला आहे.

विष्णुभटांच्या काळी उपजीविकेची वाट कोकणातून झाशीकडे येत होती. 1742 साली नारोशंकर सुभेदार म्हणून आले, त्यांच्यामागून शास्त्री, कारकून, शिलेदार आले. आज ती वाट उलट्या दिशेने वाहते. झाशी, ललितपूर, टीकमगढ येथील मजूर पुण्या-मुंबईच्या इमारती बांधतात. मे 2020मध्ये, टाळेबंदीच्या काळात, हे सत्य सर्वांना दिसले. महाराष्ट्रातून निघालेली हजारो माणसे ट्रकांतून, पायी आणि सायकलींवरून शिवपुरीच्या रस्त्याने झाशीजवळच्या रक्सा सीमेवर येऊन थांबली. हजार-अकराशे किलोमीटर सायकल चालवून आलेल्यांत कित्येकांनी उरल्यासुरल्या पैशांतून ती निघताना विकत घेतली होती. महामार्गांवर तेव्हा मोटारी जवळजवळ नव्हत्या. वाहनमुक्त रस्त्यावरून सायकलीने केलेला तो बहुधा या देशातील सर्वांत मोठा सामुदायिक प्रवास होता, आणि त्याला कोणी सहल म्हणणार नाही.

तेव्हा सायकल, मुरूम आणि रिकामा रस्ता या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे त्यांचा अर्थ एकच होतो असे नाही. ज्याला वाटेल तेव्हा मागे वळता येते, त्याचा तो आनंद असतो. ज्याला मागे वळणे शक्य नसते, त्याच्या लेखी ते केवळ अंतर असते. या भेदापायी आनंद टाकून देण्याची गरज नाही; टाकल्याने कोणाचे कुलूप उघडत नाही. परंतु मंद गतीने जाणाऱ्याला मिळालेला अवकाश दृश्य टिपण्यातच खर्च झाला, तर त्या गतीचा निम्मा उपयोग वाया जातो. विष्णुभटांनी तीच गती वापरून माणसांची नावे, धान्याचे भाव, देवळांतील व्यवस्था आणि रस्त्यावरचे भय एकत्र नोंदवले. प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची त्याहून मोठी कसोटी क्वचितच सांगता येईल.

हा प्रदेश पुन्हा बदलण्याच्या उंबरठ्यावर आहे. केन आणि बेतवा या नद्या जोडणाऱ्या प्रकल्पाची पायाभरणी 25 डिसेंबर 2024 रोजी खजुराहो येथे झाली. 221 किलोमीटरांचा कालवा होईल, त्याला पटरीही असेल. त्या पाण्याने माणसे गावात राहिली, तर पटरीवर पुन्हा बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि शाळेला जाणाऱ्या मुलींच्या सायकली दिसतील, आणि एकांत शोधणाऱ्या प्रवाशाला थोडी गैरसोय होईल. ती गैरसोय त्याने आनंदाने सोसावी.

तूर्त वर्षातून एकदाच, चैत्रात, हे चित्र पालटते. होळीला आणि हरभरा-गव्हाच्या कापणीला बरीच माणसे घरी येतात, आणि त्याच सुमारास मोह गळू लागतो. फुले रात्रीच्या अखेरीस पडतात; ऊन चढण्याआधी ती वेचावी लागतात. पहाटे चार वाजल्यापासून झाडांखाली कंदील हलत असतात. सूर्य वर येईपर्यंत मुरमाच्या वाटेवर टोपल्या, पोती, शेळ्या, लेकुरवाळ्या बाया आणि पोत्यांनी लादलेल्या सायकली यांची गर्दी होते. त्या वेळी सायकलीवरून मोकळे जाणे शक्य नसते. उतरावे लागते, आणि सायकल हातात धरून त्या माणसांबरोबर गावापर्यंत चालत जावे लागते.