परवानगीचा अर्ज

लेबर कोर्टाच्या निकालावर अपील नसतं, हे मला केस जिंकल्यावर कळलं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तशी तरतूदच नव्हती. ज्याला निकाल पटत नाही, त्यानं रीट घेऊन हायकोर्टात जायचं. कंपनी गेली.

मी टर्नर. काम मुद्दाम सावकाश केलं, इतरांना फूस लावली, या आरोपावरून मला काढलं होतं. लेबर कोर्टानं कंपनीची खात्याअंतर्गत चौकशी सदोष ठरवली, पुन्हा पुरावा घेतला आणि मला सेवेच्या सलगतेसह परत घ्या, निम्मा मागील पगार द्या, असा आदेश दिला. हायकोर्टात त्याला स्टे मिळाला. तेव्हा युनियनच्या आमच्या अण्णांनी त्याच औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १७-बी चा अर्ज टाकायला लावला. कामगाराला परत घेण्याच्या आदेशाविरुद्ध मालक वर गेला, तर निकाल लागेपर्यंत त्यानं शेवटचा पगार देत राहायचं. कामगारानं फक्त आपण दुसरीकडे नोकरीला नाही असं प्रतिज्ञापत्र करायचं. शेवटचा पगार म्हणजे काढलं त्या महिन्याचा. महागाईचा त्याला वारा लागत नाही. तरी घर त्यावर चाललं.

मग हायकोर्टाचा निकाल आला: नोकरी नाही, त्याऐवजी एकरकमी भरपाई. रक्कम ऐकून बायको म्हणाली, "एवढ्यात तर तुमची उरलेली वर्षं विकत घेतली की त्यांनी."

कंपनीची याचिका राज्यघटनेच्या कलम २२७ खालची असल्यानं तिथल्या तिथे दोन न्यायमूर्तींपुढे जाण्याचा रस्ता बंद होता. उरली दिल्ली. तिथेही अपील थेट होत नाही. राज्यघटनेच्या १३६ व्या कलमाखाली आधी अपिलाची परवानगी मागायची, म्हणजे स्पेशल लीव्ह पिटिशन. हा हक्क नव्हे, कोर्टाची मर्जी. शिवाय आता वर जाणारा मी होतो, मालक नव्हे. त्यामुळे १७-बी चा पगारही थांबला. कायदा लिहिणाऱ्यांना मालकच वर जाईल एवढंच सुचलं असावं.

दिल्लीच्या वकिलाची फी मला झेपणारी नव्हती. पण विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत मदतीला पात्र असलेल्यांत औद्योगिक कामगार स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. इतकी वर्षं कोर्टात काढली, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जिल्ह्याच्या प्राधिकरणामार्फत अर्ज सर्वोच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे गेला आणि तिथून एक वकीलबाई मिळाल्या.

फोनवर मी त्यांना माझी कहाणी सांगू लागलो. त्यांनी थांबवलं. "अन्याय झाला हे पुरेसं नाही, काका. कायद्याचा प्रश्न कुठला, ते सांगू या." याचिकेच्या सुरुवातीला तारखांची यादी असते. तीत कामाला लागल्याची, काढल्याची, निकालांची तारीख होती. शेत विकल्याची नव्हती. त्यांनी दोनच मुद्दे धरले. कारखाना चालू असताना नोकरीऐवजी भरपाई का, याचं कारण निकालात नव्हतं. आणि आपण बेकार होतो हे मी शपथेवर सांगितलं होतं, कंपनीनं उलट पुरावा दिला नव्हता. दीपाली गुंडू सुरवसे या शिक्षिकेच्या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की बेकायदा काढलेल्याला मागील पगारासह परत घेणं हा सर्वसाधारण नियम. त्यानं बेकारीचं सांगितलं की उलट सिद्ध करणं मालकाकडे.

सुनावणी मी मोबाईलवर पाहिली. आमचा नंबर आला, बाई चार वाक्यं बोलल्या, न्यायमूर्तींनी एक पान उलटलं आणि म्हणाले, "नोटीस." एका ओळीत फेटाळली असती, तरी त्याचा अर्थ खालचा निकाल बरोबर असा होत नाही, असं त्याच कोर्टानं २००० साली ठरवलंय. कायद्याच्या विद्यार्थ्यांना त्यात रस असेल. कामगाराची केस मात्र तिथेच संपते. पुढे कंपनीचं उत्तर आलं आणि परवानगी मिळाली. याचिकेचं आता दिवाणी अपील झालंय. अंतिम सुनावणी व्हायची आहे.

हायकोर्टाचा असा निकाल तुमच्या हाती आला, तर प्रमाणित नकलेचा अर्ज त्याच दिवशी टाका. सर्वोच्च न्यायालयात जायला मुदत ९० दिवसांची असते. आणि मोफत वकिलासाठी कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला, तर त्याच्यापुढे कलम १२ ठेवा.