काटा अठरावर



डिसेंबरात मुलीचा जर्मनीहून फोन आला. तिनं विचारलं, "आई, घरात किती आहे?" मला वाटलं, पैशांचं विचारतेय. मी म्हटलं, "आहेत पाच-सात हजार." ती हसायला लागली. तिला घरातलं तापमान हवं होतं.

आपण मराठवाड्यातली माणसं घरातलं तापमान कशाला मोजू? पेपरात येतो तो बाहेरचा आकडा. एप्रिल-मे महिन्यात चाळिसाच्या वर गेला की त्याची चर्चा होते. पण आमचं अंबाजोगाई बालाघाटाच्या डोंगरावर वसलेलं, इथे डिसेंबर-जानेवारीची पहाट चांगलीच झोंबते. पारा दहा-अकरापर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली. जुन्या वाड्यात ते जाणवत नव्हतं. दोन-दोन फुटांच्या मातीच्या भिंती आणि वर माळवद. दिवसभराचं ऊन त्या भिंती पोटात ठेवायच्या आणि रात्री हळूहळू सोडायच्या. आता स्लॅबचं घर आहे. दिसायला छान, पण उन्हाळ्यात तापतं आणि हिवाळ्यात पहाटेपर्यंत पार गार होतं.

प्रश्न माझा नव्हता, सासूबाईंचा होता. त्यांचं वय ८८. सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही, हा नियम त्यांनी तरुणपणापासून पाळलाय. डिसेंबरात सहाच्या सुमाराला दिवस मावळतो आणि सकाळी सातला उगवतो. म्हणजे तेरा तास पोटात काही नाही. सकाळी त्यांना उठवायला गेले की हातपाय बर्फासारखे लागायचे. विचारलं की म्हणायच्या, "मला कुठं लागायलीय थंडी?" डॉक्टर म्हणाले, हीच खरी काळजीची गोष्ट आहे. म्हातारपणी थंडी कमी जाणवते, अंगावर काटाही लवकर येत नाही, पण शरीर आतून गार पडत जातं. थंडीनं रक्तदाब चढतो तो वेगळाच.

आदल्या हिवाळ्यात मी एक मोठी चूक केली होती, ती सांगते. त्यांच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवली आणि वारं नको म्हणून दार-खिडक्या लावून घेतल्या. मीही तिथेच झोपले. पहाटे दोघींचं डोकं ठणकायला लागलं, मला उलटी झाली. ह्यांना जाग आली म्हणून त्यांनी खिडक्या उघडल्या. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग. झोपेतच माणूस जातो. बंद खोलीत शेगडी कधीही ठेवू नका, ही विनंती हात जोडून करते.

यंदा मुलानं हीटर आणायचं ठरवलं. सासूबाईंनी साफ नाही म्हटलं. १९५५ साली त्या अठरा वर्षांच्या होत्या. कुंथलगिरीला आचार्य शांतिसागर महाराजांची सल्लेखना चालू होती. ती ३६ दिवस चालली आणि १८ सप्टेंबरला महाराजांची समाधी झाली. भूम तालुक्यातल्या माहेराहून त्या बैलगाडीनं दर्शनाला गेल्या होत्या. "महाराजांनी उघड्या अंगानं किती हिवाळे काढले, अन् मी विस्तव लावून झोपू?" हे त्यांचं म्हणणं. अग्नी म्हणजे तेजस्काय जीव, हे आपण लहानपणीच शिकतो. त्यामुळे मला उत्तर सुचेना.

खरं सांगायचं तर उत्तर द्यायची घाईही नव्हती. मी बी.कॉम. झालेली. हीटर म्हटल्याबरोबर मनात हिशेब मांडला: दोन हजार वॅट म्हणजे तासाला दोन युनिट, आठ तासांचे सोळा, महिन्याचे ४८०. शंभर युनिटांनंतर दर वाढतो, तीनशेनंतर आणखी वाढतो. सासूबाईंचा नियम माझ्या सोयीचा होता. तोंडानं मी धर्म म्हणत होते आणि डोळ्यांसमोर बिल होतं. एका रात्री झोप लागेना तेव्हा हे माझं मलाच कळलं, आणि लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यापाशी बसले. म्हटलं, "बाई, बावीस परीषहांत शीत आहेच. पण ते मुनींनी समजून-उमजून सोसायचं. तुम्हाला थंडी कळतच नाही, मग सोसता कसं म्हणायचं? आणि मी शाल पांघरून बसायचं अन् तुम्हाला गारठू द्यायचं, हे माझ्या खात्यावर काय लागेल?" त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "किडा-पाखरू त्यात पडलं नाही पाहिजे. अन् किती लावायचं ते ठरवून लाव."

पहिली अट सोपी होती. लाल होणाऱ्या सळ्यांचा हीटर उजेड पाडतो, त्यावर पतंग येतात. म्हणून तेलाचा घेतला. त्यात तेल आत बंद असतं, विस्तव दिसत नाही. तरी यात हिंसा नाही असं मी म्हणणार नाही. परळीचं औष्णिक वीज केंद्र आमच्यापासून पंचवीस किलोमीटरवर. तिथे दगडी कोळसा जळतो आणि पाणीही अफाट लागतं. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवावं लागलं होतं. माझ्या खोलीत विस्तव नाही, म्हणजे तो दुसरीकडे कुठे तरी पेटलेला आहे.

मग किती ठेवायचं? मुलगी म्हणाली, "एकवीस-बावीस." बावीस ठेवून पाहिलं. सकाळी सासूबाईंचा घसा कोरडा पडलेला, ओठ फुटलेले. हवा तापवली की ती कोरडी पडते. आपल्याला तहान लागली तर आपण उठून घोटभर पाणी पितो. त्या सूर्योदयापर्यंत पिणार नाहीत. इतरांच्या घरातला आकडा आपल्या घराला चालत नाही, तो असा.

मग भिंतीवरचा साधा तापमापक आणला आणि वहीत नोंदी केल्या. रात्री नऊला खोलीत २१ असायचं, पहाटे चारला १६, पाचला १५. म्हणजे झोपताना हीटरची गरजच नव्हती, गरज होती पहाटे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली थंडीत घरात किमान १८ अंश हवेत असं सुचवलंय, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना थोडे जास्त. मुलीनं सांगितलं की २०२२ साली गॅसची टंचाई झाली तेव्हा जर्मनीत सरकारी कचेऱ्यांत १९ च्या वर तापवायला बंदी होती. एवढ्या श्रीमंत देशानंही हद्द घालून घेतली होती.

आम्ही अठरा ठरवलं आणि वरची कसर गोधडीनं भरून काढली. आमच्या हीटरच्या बटणावर अंश लिहिलेले नाहीत, नुसते एक ते सहा आकडे आहेत. तापमापक बघून बटण कुठे अठराला येतं ते शोधलं आणि नेलपॉलिशनं खूण केली. त्याच्या खाली पारा गेला तरच हीटर चालू होतो. वायर जाड प्लगमध्येच लावलीय, एक्स्टेन्शन बोर्डावर नाही. दाराखालच्या फटीला जुन्या लुगड्याची गुंडाळी. पिण्यासाठी पाणी उकळतोच, त्यातलंच संध्याकाळी रबरी पिशवीत भरून पायाशी ठेवते. त्यासाठी वेगळा गॅस पेटवावा लागत नाही. दिवस मावळायच्या आत बाजरीची भाकरी आणि तिळाची चटणी. मीटर पाहिला तर रात्रीला जेमतेम चार युनिट. ४८० ची भीती होती, १२० वर भागलं.

सासूबाईंनी देवासमोर नियम घेतला, माघ संपेपर्यंत आणि अठराच्या वर नाही. भोगोपभोग परिमाण व्रत आपण कपडे, भाज्या, दागिने यांना लावतो. ते उबेलाही लावता येतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. वस्तू घ्यायचीच नाही, एवढंच त्यागात येत नाही. घेतली तर कुठवर, हे आधी ठरवणंही त्यातच येतं.

परवा फारच गारठा होता म्हणून मी हळूच बटण थोडं पुढे सरकवलं. अंधारातून आवाज आला, "सूनबाई, खुणेवर आण. माझा नियम मोडायलीस." मी मुकाट्यानं मागे आणलं आणि त्यांच्या पायांवर आणखी एक गोधडी घातली. पाय कोमट होते.

जय जिनेंद्र.