वाढत्या अंगाची काठी नको

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत, हा आपल्या घराघरांतला शिरस्ता आहे. बाह्या दुमडता येतात, परकराला टीप घालता येते आणि दोन दिवाळ्या निभावून जातात. परंतु काही वस्तू आजच्याच मापाच्या घ्याव्या लागतात. पायांतला जोडा ही एक. वयस्कर माणसाच्या हातातली काठी ही दुसरी. तिची मूठ मनगटाच्या घडीइतक्या उंचीवर यावी आणि कोपर किंचित वाकलेले असावे, हे आपणांपैकी अनेकांना कुणी ना कुणी सांगितले असेल. तिसरी वस्तू मला गेल्या उन्हाळ्यात कळली. ती म्हणजे लहान मुलाच्या हाती द्यायची मासे धरण्याची काठी.

माझी लेक अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातील फोर्ट कॉलिन्स येथे राहते. रॉकी पर्वतातून उतरणारी पूदर नदी त्या गावातून वाहते आणि तिच्यात ट्राउट जातीचे मासे आहेत. सात वर्षांच्या नातीला ‘फ्लाय फिशिंग’ शिकायचे होते. जावईबापूंना ते उत्तम येते. पण काठी कोणती घ्यावी, यावर घरात दोन पक्ष पडले.

आपल्या कोकणात गरवायला बसतात तेव्हा गरीला आमिष लावतात, शिशाचा तुकडा बांधतात आणि त्या वजनाने दोरी पाण्यात दूर जाते. येथे सारे उलट असते. फ्लाय म्हणजे गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून वजन दोरीलाच दिलेले असते. ती दोरी हवेत मागे आणि पुढे झुलवली की काठी वाकते, आणि ती सरळ होताना दोरी पुढे उलगडत जाऊन माशीला पाण्यावर अलगद ठेवते. काठीवर ४, ५, ६ असा एक आकडा छापलेला असतो. आपल्याला वाटते, तो काठीच्या वजनाचा. वस्तुतः तो तिला साजेशा दोरीच्या वजनाचा असतो.

जावईबापूंचे मत होते की, मोठ्यांची नऊ फुटी काठीच घ्यावी, म्हणजे दहा वर्षे पुरेल. हेच ते वाढत्या अंगाचे! लेकीचे आणि माझे म्हणणे निराळे होते. नऊ फुटांची काठी सात वर्षांच्या मनगटाला जड नसते, लांब असते. टोकाचा भार मनगटावर येतो आणि मूल दोन्ही हातांनी ती लाकडे फोडावीत तशी हाणू लागते. याउलट, खेळण्यांच्या दुकानात मिळणारी चिमुकली काठी वाकतच नाही, म्हणून दोरीही उलगडत नाही आणि मूल अर्ध्या तासात रडवेले होते. साडेसात ते आठ फूट लांबी, ४ किंवा ५ आकडा, आणि हातात घेऊन हलवली असता टोकच नव्हे तर मधला भागही लवतो आहे, अशी जरा मऊ काठी मुलांना बरी. मऊ काठीत दोरीचा ओढा हाताला जाणवतो, आणि शिकणे त्या जाणिवेतच असते. बुचाच्या लाकडाची मूठ बारीक हवी; मुलाची बोटे तिच्याभोवती पुरी वळली पाहिजेत. रिळावर पैसे घालवू नयेत. या प्रकारात रीळ बहुतांशी दोरी गुंडाळून ठेवण्यापुरतेच असते. जपानी डोंगरी ओढ्यांतली ‘तेन्कारा’ काठी तर रिळावाचूनच असते. दोरी थेट टोकाला बांधतात. रीळ सांभाळण्याचा कंटाळा असणाऱ्या मुलांसाठी तीही वाईट नाही.

या काठीत मला रस वाटण्याचे आणखी एक कारण होते. चार वर्षांपूर्वी माझ्या उजव्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. काखेतल्या गाठी काढल्या आणि खांदा आखडला. भिंतीवर बोटे चढवण्याचा व्यायाम मी नेमाने करते. पण भिंत ही काही बोलकी सोबत नव्हे. अमेरिकेत ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ नावाची संस्था १९९६ साली व्हर्माँट राज्यात सुरू झाली. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या स्त्रियांना ती फ्लाय फिशिंग शिकवते, कारण दोरी झुलवण्याची हालचाल खांद्याला हळुवार ताण देते. हे वाचून मी येथल्या डॉक्टरांना फोनवर विचारले. हाताला सूज नसेल तर थोडा वेळ, डोक्यावर हात न नेता करा, असे ते म्हणाले. आपल्यापैकी कुणाला मोह झाला तर प्रथम आपल्या डॉक्टरांना विचारावे. प्रत्येकीचा हात निराळा असतो.

त्यामुळे नातीच्या मापाची काठी मलाही नेमकी आली! घरामागच्या हिरवळीवर आम्ही दोघी पंधरा पंधरा मिनिटे शिकलो. गळाऐवजी टोकाला लोकरीचा रंगीत तुकडा बांधला होता, कारण मागे जाणारा गळ कुणाच्या कानात शिरेल याचा नेम नसतो. पाण्यावर गेल्यावरही चष्मा आणि मोठ्या काठाची टोपी दोघींना सक्तीची. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा. मग तो माशाच्या तोंडातून सहज सुटतो, आणि माणसाच्या बोटातूनही.

मे-जूनमध्ये बर्फ वितळून नदी फुगते, तेव्हा मुलांना आणि आपल्यासारख्यांना तिच्या काठाशी न्यावयाचे नाही. आम्ही प्रथम एका लहान तळ्यावर गेलो आणि ऑगस्टअखेर पाणी उतरल्यावर नदीवर. मी पाण्यात उतरत नाही. गोट्यांवर शेवाळ असते आणि माझ्या गुडघ्यांवर माझा भरवसा नाही. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोलोरॅडोत मासेमारीचा परवाना लागत नाही, आजीला मात्र लागतो.

नातीला पहिला मासा तळ्यावर मिळाला, तळहाताएवढा. हात ओले करून तिने तो धरला, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि लगेच पाण्यात सोडला. धरलेला मासा सोडून द्यायचा, हे माझ्या रत्नागिरीच्या जिभेला अजून पुरते पटलेले नाही. घरी आल्यावर काठीचे चारही तुकडे कोरडे पुसूनच नळीत ठेवावे लागतात, नाहीतर मुठीला बुरशी धरते. ते काम नातीने माझ्याकडे सोपवले आहे. तिला तोवर भूक लागलेली असते.