फटफटीचा आवाज

मराठी माणसाने मोटारसायकलीला ‘फटफटी’ हे नाव दिले ते तिच्या रूपावरून नव्हे, वेगावरूनही नव्हे, आवाजावरून. कारखानदार तो आवाज आवरण्यासाठी तिला एक नळी जोडून देतात, आणि हौशी माणसे ती नळी काढून आवाज परत मिळविण्यासाठी पदरचे पैसे मोजतात. या हौशी माणसांत आम्हीही एकदा होतो, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे.

बदली होऊन दिल्लीस आलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्यातच सह्याद्री आठवू लागतो. चहूंकडे सपाट मुलूख. टेकडी म्हणावी तर रायसीना, आणि तिच्या माथ्यावर गड नसून राष्ट्रपतिभवन. म्हणून आम्ही हिमालयन घेतली. डांबरी सडक आणि दगडगोट्यांची वाट या दोहोंवर सारखीच चालावी अशा बेताने केलेली ही गाडी रॉयल एन्फील्डने 2016 साली प्रथम बाजारात आणली. आमच्या गाडीचे एंजिन 411 सीसीचे, शक्ती सुमारे 24 अश्वशक्ती, पुढचे चाक 21 इंचांचे. आमच्यासारख्या मध्यमवयीन गृहस्थाला याहून अधिक काही लागू नये. परंतु दिल्लीत करोलबाग आहे, आणि करोलबागेत नाईवाला आहे!

तेथे एकदा पाऊल टाकले की आपल्या गाडीत केवढे न्यून आहे ते पावलोपावली कळू लागते. हातांना आडोसा देणारी कवचे, सामानासाठी लोखंडी चौकटी, जादा दिवे, आणि भिंतीवर ओळीने टांगलेले चकचकीत सायलेन्सर. आम्ही दोन वस्तू घेतल्या. एक, एंजिनाच्या पोटाखाली बसवावयाचा ॲल्युमिनियमचा जाड पत्रा. दुसरी, एंजिनापासून टोकापर्यंतची अखंड नवी नळी. जुनी भंगारात द्यावी असे दुकानदाराचे मत पडले. योगायोगाने विट्याकडचे एक परिचित गलाई व्यावसायिक बरोबर होते. सोनेचांदी गाळण्यात त्यांचा जन्म गेलेला. ते म्हणाले, “टाकू नका, साहेब. धूर शुद्ध करायला हिच्या आत प्लॅटिनमच्या जातीचे धातू असतात. थोडेच असतात, पण फुकटचे नसतात.” केवळ त्यांच्या भिडेखातर ती नळी आमच्या माळ्यावर जाऊन पडली.

नव्या नळीने आम्हांला काय दिले? मुख्यतः आवाज. वजन थोडे कमी झाले, हे खरे. वायूला बाहेर पडण्याची वाट मोकळी झाली की एंजिन भरधाव असताना किंचित लाभ होतो. पण चढावर, दगडांतून, हळू चालताना जो जोर लागतो तो बहुधा वाढत नाही, उलट थोडा घटतो. शिवाय इंधनाचे प्रमाण मूळच्या नळीचा हिशेब धरून ठरविलेले असते. तो हिशेब मोडला की गाडी अडखळते, गती कमी करताना फटाके उडविते. हे सारे आमच्या गाडीने केले. आणि कायदा? 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 प्रमाणे ध्वनीचे वा धुराचे मानक मोडणाऱ्यास पहिल्याच अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नियमांवर टिपणे लिहिण्यात हयात घालविलेल्या आम्हांला हे ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. पण आवाज मोठा रुबाबदार होता!

आमच्या खालच्या मजल्यावर आमच्याच कचेरीतील एक मराठी गृहस्थ राहतात. हुद्द्याने आमच्या हाताखालचे. त्यांच्या मातोश्री एके सकाळी मदर डेअरीच्या बूथवर भेटल्या. चौकशी केली तेव्हा संकोचाने म्हणाल्या, “सूनबाईचे उपचार चालू आहेत ना. औषध घेऊन कशीबशी झोप लागते. रात्री तुमची गाडी आली की दचकून उठते बिचारी. मुलगा म्हणाला, आई, काही बोलू नकोस. साहेब आहेत ते.”

हातातली दुधाची पिशवी एकाएकी जड झाली. तीन महिने तो गृहस्थ रोज आमच्यासमोर फायली ठेवीत होता, आणि आम्ही त्याला “घरी सगळे ठीक ना?” असे विचारीत होतो. तोही “ठीक आहे, सर” म्हणत होता.

1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या व अधिकाऱ्यांच्या मोटारींवरील लाल दिवे उतरले, तेव्हा आम्ही मनापासून संतोष व्यक्त केला होता. आमच्या मोटारीवर तो कधी नव्हताच, त्यामुळे संतोष स्वस्तात पडला. आता उमगले, की आम्ही पदरचे पैसे खर्चून एक लाल दिवा नळीच्या टोकाला लावून घेतला होता. दिव्याने निदान कोणाची झोप मोडत नसे.

त्याच रविवारी माळ्यावरची नळी खाली आली. गाडीचे अडखळणे थांबले. जुलैत आम्ही स्पितीला गेलो. ग्राम्फूहून बातलकडे जाणाऱ्या वाटेवर, एका ओढ्याच्या पाण्यात न दिसलेला दगड गाडीच्या पोटाला थडकला. उतरून पाहिले तर ॲल्युमिनियमच्या पत्र्याला खोल पोचा पडला होता. एंजिनाला ओरखडाही नव्हता. हा पत्रा आजवर कोणाच्या नजरेत भरला नाही, कोणी त्याची किंमत विचारली नाही. तरी कोणी सल्ला विचारल्यास आम्ही सांगतो : पत्रा घ्या, हातांची कवचे घ्या, दूर जाणार असाल तर सामानाची चौकटही घ्या. नळी मात्र कारखान्याने दिली तीच राहू द्या.

खालच्या घराची क्षमा आम्ही मागितली. ते गृहस्थ म्हणाले, “छे, छे, सर, तसे काही नव्हते.” त्यांनी खरे बोलावे इतके काही आमचे हातून अजून घडलेले नाही. तूर्त रात्री उशीर झाला तर आम्ही वसाहतीच्या फाटकापाशीच एंजिन बंद करतो आणि गाडी ढकलीत आणतो. आम्ही आलो हे घरच्यांना दार ठोठावल्यावर कळते.